नोंद हलते, गुपित हलत नाही: २७ गावे, दोन नांदिवली आणि पासवर्डचा इतिहास

१/
कल्याण-डोंबिवलीच्या वेशीवरील २७ गावांची नोंद गेल्या चार दशकांत तीनदा एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात गेली. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा ही गावे तिच्या हद्दीत आली. २००२ मध्ये ती वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. माणसे जागची हलली नाहीत. हलली ती त्यांची नोंद.

२/
घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद अशा गोष्टी एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवता येतात. कारकुनाला जुनी वही वाचता येते, म्हणून नवी वही लिहिता येते. परंतु संगणकाच्या युगात अशी एक नोंद जन्माला आली, जी सांभाळणाऱ्यालाच वाचता येत नाही. ती म्हणजे वापरकर्त्याचा पासवर्ड. शेकडो यंत्रांवर विखुरलेली अशी खाती एका मध्यवर्ती दप्तरात आणायची कशी? या प्रश्नाचा हा इतिहास.

३/
आरंभ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत होतो. १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ ही प्रणाली दाखवली. एकच महागडे यंत्र आणि त्यावर एकाच वेळी काम करणारे अनेकजण, अशी ती रचना होती. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला. हे सारे पासवर्ड एका फायलीत, जसेच्या तसे, वाचता येतील अशा अक्षरांत ठेवलेले होते.

४/
ही फाईल फार काळ गुप्त राहिली नाही. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाला यंत्रावर मिळणारा वेळ अपुरा पडू लागला. त्याने छिद्रित कार्डाद्वारे त्या फायलीच्याच छपाईची मागणी यंत्राकडे नोंदवली आणि सर्वांच्या पासवर्डची यादी हाती मिळवली. ही गोष्ट त्याने सुमारे पाव शतकानंतर उघड केली.

५/
दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. त्याच दशकात दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायलींचे संपादन करत होते. एकाकडे दिवसाचा स्वागतसंदेश होता, दुसऱ्याकडे पासवर्डची फाईल. प्रणालीने दोघांच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल केली. त्यानंतर जो कोणी यंत्रावर प्रवेश करी, त्याच्यासमोर स्वागतसंदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड झळकत. येथे कोणीही चोरी केली नव्हती. दोष ‘गुपित लिहून ठेवणे’ या मूळ कल्पनेतच होता.

६/
उत्तर इंग्लंडमधून आले. केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी असा विचार मांडला की, यंत्राने पासवर्ड साठवूच नये. त्यावर एक गणिती प्रक्रिया करून जे उरेल तेवढेच साठवावे. प्रक्रिया अशी हवी की, पुढे जाणे सोपे आणि मागे येणे अशक्यप्राय. जात्यातून पडलेल्या पिठावरून दाणा पुन्हा घडवता येत नाही, परंतु तोच दाणा पुन्हा दळला तर तेच पीठ मिळते. या ‘पिठाला’ पुढे हॅश म्हणू लागले.

७/
या कल्पनेने नोंद ठेवणारा आणि नोंद असणारा यांचे नातेच बदलले. माणूस पासवर्ड टंकतो, यंत्र तो त्या क्षणी दळते आणि साठवलेल्या हॅशशी ताडून पाहते. जुळले तर दार उघडते. गुपित न जाणताही त्याची खातरजमा करता येते, ही गोष्ट दप्तरांच्या इतिहासात नवी होती. तोवर पडताळणी करणाऱ्याला मूळ वस्तू पाहावीच लागे: सनद, सही, शिक्का.

८/
युनिक्स प्रणालीने ही पद्धत घरोघरी नेली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांचा १९७९ मधील निबंध या विषयातील पायाभूत दस्तऐवज मानला जातो. त्यांच्या पहिल्या प्रयोगात दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैन्याच्या एम-२०९ या संकेतयंत्राची नक्कल वापरली होती. ती फार वेगवान ठरली. वेग येथे दुर्गुण होता, कारण चोरही तेवढ्याच वेगाने लाखो शब्द दळून पाहू शकत होता. मग त्यांनी डीईएस ही संकेतपद्धती सलग २५ वेळा फिरवण्याची योजना केली. यंत्र मुद्दाम संथ केले.

९/
दुसरी युक्ती होती ‘सॉल्ट’, म्हणजे शब्दशः मीठ. दोन माणसांनी योगायोगाने एकच पासवर्ड निवडला तर दोघांची हॅशही एकच दिसेल आणि चोराला सुगावा लागेल. म्हणून दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या दाण्यात वेगळी चिमूट टाकायची. युनिक्समध्ये या चिमटीचे ४,०९६ प्रकार होते. मीठ गुप्त नसते. ते हॅशच्या शेजारीच लिहिलेले असते. त्याचे काम एवढेच की, एकदा दळून ठेवलेली तयार यादी सर्वांवर चालू नये.

१०/
मीठ विसरल्याचा परिणाम जगाने २०१२ मध्ये पाहिला. लिंक्डइन या संकेतस्थळाच्या सुमारे ६५ लाख हॅश उघड झाल्या आणि त्या बिनमिठाच्या होत्या. १९७९ मध्ये छापून आलेला धडा ३३ वर्षांनंतरही गिरवला गेला नव्हता.

११/
आता ‘दप्तर’ या प्रश्नाकडे. युनिक्सच्या प्रत्येक यंत्रावर खात्यांची स्वतःची फाईल असे. एका संस्थेत दोन यंत्रे असताना हे चालून गेले. दोनशे झाल्यावर अनवस्था ओढवली. नवा माणूस आला की दोनशे ठिकाणी नोंद, आणि नोकरी सोडून गेला की दोनशे ठिकाणी खोड. त्यांतील एक जरी राहून गेली तरी गेलेल्या माणसाची किल्ली चालूच. प्रत्येक गावात वेगळी वही असली की जे होते, तेच येथे झाले.

१२/
१९८० च्या दशकाच्या मध्यात सन कंपनीने यावर उपाय काढला आणि त्याला ‘यलो पेजेस’ असे नाव दिले. ते नाव ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमचा नोंदणीकृत व्यापारचिन्ह निघाले, म्हणून ते बदलून ‘एनआयएस’ करावे लागले. तरी त्याच्या आज्ञांच्या आरंभी ‘वायपी’ ही दोन अक्षरे राहिलीच. एकच वही, सर्व यंत्रे तीच वाचणार, ही सोय मोठी होती. उणीव अशी की, जाळ्यातील कोणतेही यंत्र हॅशसह पूर्ण वही मागून नेऊ शकत असे.

१३/
दूरसंचार क्षेत्रातील मंडळी याच काळात वेगळ्या दिशेने निघाली होती. त्यांना साऱ्या जगाची एकच टेलिफोन डिरेक्टरी हवी होती. १९८८ मध्ये ‘एक्स.५००’ हे मानक आले. त्यात प्रत्येक नोंद एका वृक्षावर बसते: देश, मग संस्था, मग विभाग, मग व्यक्ती. हे मानक फार अवजड ठरले. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील टिम हॉवेस यांनी स्टीव्ह किल आणि वेंगयिक याँग यांच्यासह त्याचे हलके रूप प्रसिद्ध केले. तेच ‘एलडॅप’.

१४/
वृक्षावरील नाव म्हणजे काय, हे ठाणे जिल्ह्यातील माणसाला वेगळे समजावण्याची गरज नाही. त्या २७ गावांतच दोन नांदिवली आहेत: नांदिवली तर्फे पंचानंद आणि नांदिवली तर्फे अंबरनाथ. ‘तर्फ’ हा जुना महसुली विभाग. नाव एकच, फांदी वेगळी. म्हणून फांदीसह उच्चारले की घोटाळा टळतो. एलडॅपमधील पूर्ण नाव नेमके असेच बांधलेले असते. महसुली कारकुनांनी शतकांपूर्वी योजलेला तोडगाच संगणकतज्ज्ञांनी नव्याने शोधला.

१५/
पण फांद्या स्थिर राहत नाहीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला. वसई, डहाणू, जव्हार येथील माणसांचे जिल्ह्याचे नाव एका रात्रीत बदलले. मध्यवर्ती दप्तर उभारणारे यातून शिकतात की, बदलणारी गोष्ट ओळखीत गुंफू नये. माणूस कोणत्या विभागात आहे ही माहिती नोंदीत असावी. त्याची ओळख मात्र विभाग बदलला तरी टिकणाऱ्या क्रमांकावर बांधलेली असावी.

१६/
आपल्याकडील एक ठळक उदाहरण विदेश संचार निगमचे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी या कंपनीने मुंबईसह महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मुंबईकर ग्राहकाच्या ईमेल पत्त्यात त्याच्या यंत्राचे नाव असे: जीआयएएसबीएम०१. पुण्याच्या ग्राहकाच्या पत्त्यात ‘बीएम’ऐवजी ‘पीएन’. म्हणजे पत्ता माणसाचा नव्हता, तो यंत्राच्या दाराचा होता. पुढे यंत्राचे नाव गाळून ‘व्हीएसएनएल डॉट कॉम’ असा पत्ता रूढ झाला. तोवर कितीतरी जणांनी जुना पत्ता ओळखपत्रिकांवर छापून घेतला होता.

१७/
अशा एकत्रीकरणात टक्कर अटळ असते. एकाच नावाचे दोन ग्राहक दोन यंत्रांवर सुखाने नांदू शकतात. एका छताखाली आले की एकाला नाव सोडावे लागते. युनिक्समध्ये याहून धोकादायक टक्कर क्रमांकांची असते, कारण तेथे फाईल कोणाची हे नावाने ठरत नाही, क्रमांकाने ठरते. एका यंत्रावर ५०१ क्रमांक एकाचा, दुसऱ्या यंत्रावर भलत्याचाच. न पाहता वह्या जोडल्या तर एकाच्या खासगी फायली दुसऱ्याच्या मालकीच्या होऊन बसतात. घर क्रमांक १०१ प्रत्येक गावात असतोच.

१८/
१९९८ मध्ये ल्यूक हॉवर्ड यांनी ‘आरएफसी २३०७’ हा दस्तऐवज लिहिला. युनिक्सच्या खात्याचा प्रत्येक रकाना एलडॅपच्या वृक्षावर कोठे बसवायचा, याचा तो नकाशा होता. नाव येथे, क्रमांक येथे, घराची निर्देशिका येथे. पासवर्डच्या रकान्यापाशी मात्र युक्ती लागली: हॅश जशीच्या तशी उचलायची आणि तिच्यापुढे महिरपी कंसात ‘क्रिप्ट’ असे लिहायचे, म्हणजे नव्या सर्व्हरला कळेल की हे पीठ कोणत्या जात्याचे आहे.

१९/
म्हणजे स्थलांतराचा पहिला मार्ग: गुपिताला हात न लावता त्याची मोहोरबंद पेटी तशीच न्यायची. वापरकर्त्याला काही जाणवतही नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा नव्या दप्तरात जुने जाते चालत नाही. विंडोजच्या दुनियेतील हॅश वेगळ्या पद्धतीने बनते. युनिक्सच्या हॅशपासून ती तयार करता येत नाही. ज्वारीच्या पिठापासून गव्हाचे पीठ होत नाही. त्यासाठी मूळ दाणाच हवा आणि तो दप्तरात कोणाकडेच नाही.

२०/
दुसरा मार्ग धीराचा आहे. जुनी हॅश काही काळ सांभाळायची. माणूस पुढच्या वेळी प्रवेश करील तेव्हा त्याच्या पासवर्डची जुन्या हॅशशी खातरजमा करायची, त्याच क्षणी नव्या पद्धतीने दळून ठेवायचे आणि जुनी हॅश पुसून टाकायची. दप्तर हळूहळू, माणसागणिक बदलत जाते. वर्षभर कोणी फिरकलाच नाही, तर त्याच्यापुरता निराळा विचार करता येतो.

२१/
तिसरा मार्ग सर्वांत सोपा, पण दप्तराच्या सोयीचा: सर्व जुने पासवर्ड रद्द, प्रत्येकाने नव्याने ओळख पटवावी. येथे भार उलटतो. कालपर्यंत ज्याचा हक्क निर्विवाद होता, त्याच्यावर आज तो सिद्ध करण्याची जबाबदारी येते. ज्याचा नोंदवलेला भ्रमणध्वनी बदलला, जो वृद्ध आहे, जो परगावी आहे, तो बाहेर राहतो. महाराष्ट्राने या प्रकारचे स्थलांतर संगणकापूर्वी शंभराहून अधिक वर्षे आधी अनुभवले आहे.

२२/
त्याचे नाव इनाम कमिशन. १८५२ च्या ११व्या कायद्यान्वये कंपनी सरकारने दख्खन, खानदेश आणि दक्षिण मराठा मुलखातील इनामांची चौकशी मांडली. ठाणे-कल्याणचा कोकणपट्टा या कायद्याच्या कक्षेत नव्हता, पण घाटावर गावोगावी त्याची झळ पोहोचली. पिढ्यान्‌पिढ्या उपभोगात असलेली जमीन कोणत्या सनदेने मिळाली ते दाखवा, असे इनामदारांना विचारले गेले आणि ते दावे पेशवे दप्तरातील कागदांशी ताडले गेले.

२३/
कोणाची सनद वाळवीने खाल्ली होती, कोणाची लुटीत वा आगीत गेली होती, कोणाच्या घरी केवळ वहिवाट होती. नव्या दप्तराला मान्य असा पुरावा नसणे म्हणजे हक्क नसणे, असा अर्थ लावला गेला आणि हजारो इनामे खालसा झाली. १८५७ पूर्वीच्या असंतोषाच्या कारणांत इतिहासकार या चौकशीची गणना करतात. अखेर १८६३ मध्ये सरकारने ठरावीक आकारणीच्या बदल्यात इनामे कायम करण्याचा तडजोडीचा कायदा करून हा प्रश्न मिटवला.

२४/
ही तुलना ताणायची नाही. जमीन जाणे आणि खाते बंद होणे यांत महदंतर आहे. परंतु रचना एकच आहे. जुन्या पद्धतीने दिलेला पुरावा नवे दप्तर ओळखत नाही, आणि त्या न ओळखण्याची किंमत दप्तर भरत नाही, माणूस भरतो. आज पगार, पेन्शन, शिधा आणि परीक्षेचे प्रवेशपत्र हे सारे कोणत्या ना कोणत्या खात्याच्या आड उभे असताना हा भेद किरकोळ राहत नाही.

२५/
मध्यवर्ती दप्तराच्या विरोधात हा युक्तिवाद नाही. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभी संगणकीकृत नागरी सुविधा केंद्रे उभारली आणि पुढे राज्य शासनाने तेच प्रारूप इतर नागरी संस्थांपर्यंत नेण्याचे ठरवले. कोणत्याही खिडकीवर कर भरता यावा, यासाठी माहिती एका ठिकाणी असणे भाग असते. आणि माहिती एका ठिकाणी आली की, खिडकीमागे कोण बसले आहे हे यंत्राला नेमके कळणे भाग असते. पावतीवर ज्याचे नाव उमटते, त्यानेच ती फाडली असली पाहिजे. तीन जणांत एक पासवर्ड फिरू लागला की ती नोंद खोटी होते.

२६/
एकवटण्याचा धोका मात्र तेवढाच खरा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. ‘हे कार्ड खरे आहे का, पैसे द्यायचे का?’ या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येक प्रश्नाला होकार देत राहिली. २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले. दोन दिवसांनी स्विफ्ट यंत्रणेतूनही रक्कम वळवली गेली. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. हजारो खातेदारांचे गुपित फोडण्याची गरजच पडली नाही. उत्तर देणाऱ्याचे सोंग पुरेसे ठरले.

२७/
मराठेशाहीच्या दप्तराला हा धोका ठाऊक होता. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब. मुद्रा सांगे पत्र कोणाचे, मोर्तब सांगे मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ वाढवलेली नाही. आज्ञा ऐकणाऱ्याने आज्ञा देणाऱ्याचीही ओळख पटवून घ्यावी, हा त्यामागील नियम. एलडॅपच्या आरंभीच्या रूपात पासवर्ड तारेवरून उघडाच जात असे. सर्व्हरने स्वतःची ओळख पटवावी आणि संभाषण मोहोरबंद असावे, यासाठीची ‘टीएलएस’ची जोड २००० मध्ये प्रमाणित झाली. स्थलांतर करताना हीच पायरी सर्वाधिक वेळा पुढे ढकलली जाते.

२८/
सारांश असा की, चांगल्या स्थलांतराची खूण त्याच्या वेगात नाही. दोन नांदिवली दोनच राहिल्या का, ५०१ क्रमांकाच्या फायली योग्य माणसाकडे आहेत का, गेलेल्या माणसाची किल्ली खरोखर बंद झाली का, आणि या साऱ्या उलाढालीत कोणा कारकुनाने, व्यवस्थापकाने वा कंत्राटदाराने ‘तात्पुरते लागतील’ म्हणून सर्वांचे पासवर्ड कागदावर तर उतरवून घेतले नाहीत ना, हे पाहावे. तसे झाले असेल, तर ते कार्यालय एमआयटीच्या १९६१ सालात परतले आहे.

२९/
प्रत्येकाला करता येईल अशी एक साधी कसोटी आहे. ‘पासवर्ड विसरलो’ असे सांगितल्यावर एखादे कार्यालय नवा पासवर्ड ठरवायला सांगत असेल, तर त्याने नीडहॅम आणि मॉरिस यांचा धडा घेतला आहे. त्याने जुनाच पासवर्ड लिहून पाठवला, तर समजावे की तो तेथे कोणीतरी वाचू शकतो. अशा ठिकाणचा पासवर्ड दुसरीकडे कोठेही वापरू नये, आणि तक्रार अवश्य करावी. दप्तरे सुधारतात ती त्यांत नोंद असलेल्या माणसांनी विचारणा केल्यामुळेच.

(धागा समाप्त)